चौदा वर्षांचा करार : प्रस्तावना

नोव्हेंबर २०२४ मध्ये टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये शेय वेबरला मानाचं स्थान मिळालं. ताशी शंभर मैलांहून जास्त वेगानं पक ही रबरी चकती हाणणारा हा बचावपटू २०२१ च्या जुलैनंतर बर्फावर उतरलेला नव्हता. घोटा, पाऊल, गुडघा, अंगठा, सगळ्या दुखापती करून झाल्या होत्या. तीन वर्षं न खेळलेल्या खेळाडूचं नाव या सन्मानासाठी घेता येतं, त्या नियमानं तो आत आला. आणि त्याच दिवशी नॅशनल हॉकी लीगच्या (एनएचएल) दप्तरात तो युटाच्या संघाचा करारबद्ध खेळाडू होता. युटाकडून तो कधी खेळला नाही. त्याआधी त्याचा करार ॲरिझोनाकडे होता, तिथंही तो खेळला नाही. त्याआधी व्हेगासकडे, तिथंही नाही. करार २०१२ चा, चौदा वर्षांचा, ११ कोटी डॉलरचा. संपणार २०२६ च्या उन्हाळ्यात.

त्याच समारंभात पावेल डात्सुकचाही गौरव झाला. २०१६ मध्ये तो रशियाला परत निघाला तेव्हा डेट्रॉईटशी त्याच्या कराराचं एक वर्ष उरलं होतं. डेट्रॉईटनं ते वर्ष ॲरिझोनाच्या गळ्यात घातलं आणि त्याच सौद्यात ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली, आपली सोळावी निवड देऊन विसावी घेतली. ॲरिझोनानं सोळाव्या निवडीवर जेकब चिकरिन हा तरुण बचावपटू घेतला. जो कधी येणारच नाही अशा खेळाडूचा भार वाहण्याची ही हमाली होती.

यातलं प्रत्येक पाऊल नियमाला धरून होतं. लीगच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयानं कागद तपासले, आकडे जुळवले आणि शिक्का मारला. न खेळणारी माणसं एका शहराच्या खात्यातून दुसऱ्या शहराच्या खात्यात का फिरत राहतात, त्यातून कोणाचं काय साधतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

हॉकी म्हटलं की आपल्यासमोर ध्यानचंद येतात, खडकीचा धनराज पिल्ले येतो, हिरवं मैदान आणि वाकडी काठी येते. इथली हॉकी बर्फावरची, पायांत धारदार स्केट्स घालून खेळायची. पण या पुस्तकासाठी खेळाचे नियम फारसे लागत नाहीत, आणि मराठी वाचक या विषयाला अगदी परकाही नाही. आयपीएलनं आपल्याला पर्स, रिटेन्शन आणि ट्रेड हे शब्द घरोघरी पोहोचवून दिले आहेत. २०२५ च्या हंगामाआधीच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती, हे आठवीतली पोरंही सांगतात. फरक दोन. आयपीएलचा मोठा लिलाव दर काही वर्षांनी पाटी जवळजवळ कोरी करतो. एनएचएलमध्ये पाटी कधीच कोरी होत नाही, तिथं आजचा करार आठ वर्षांनीही मानगुटीवर बसलेला असू शकतो. दुसरा फरक असा, की हार्दिक पंड्या २०२३ मध्ये गुजरातकडून मुंबईकडे गेला तो निव्वळ रोख रकमेवर. एनएचएलच्या ट्रेडमध्ये पगारमर्यादा आल्यापासून रोख पैसा चालत नाही. तिथं खेळाडूच्या बदल्यात खेळाडू द्यायचा, नाहीतर ड्राफ्टमधली निवड द्यायची, नाहीतर तिसरी एक गोष्ट द्यायची: मर्यादेतली मोकळी जागा. ही जागा डोळ्यांना दिसत नाही, पण आज त्या लीगमधलं खरं चलन तीच आहे.

ती कशी जन्मली ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मर्यादेला नुसती मालकांची कंजुषी समजणं चुकीचं आहे.

१९९० च्या दशकात कॅनडातल्या संघांची अवस्था बिकट होती. तिकिटं विकायची कॅनेडियन डॉलरमध्ये आणि खेळाडूंचे पगार द्यायचे अमेरिकन डॉलरमध्ये. २००२ च्या सुरुवातीला कॅनेडियन डॉलर अमेरिकेच्या ६२ सेंटच्या आसपास घसरला होता. म्हणजे एका डॉलरचा पगार देण्यासाठी दीड डॉलरहून जास्त कमवायचा. तोवर क्वेबेकचा संघ १९९५ मध्ये कोलोराडोला गेला होता आणि विनिपेगचा १९९६ मध्ये ॲरिझोनाला. ज्या गावांत हिवाळ्याचे पाच महिने हॉकीवर निघतात, त्या गावांतून हॉकी उठून वाळवंटात गेली. उरलेल्या लीगमध्ये दरी वाढत चालली होती. २००३-०४ च्या हंगामात डेट्रॉईट आणि न्यू यॉर्क रेंजर्स यांचा पगारखर्च साडेसात कोटी डॉलरच्या वर होता आणि नॅशविलचा अडीच कोटींच्या आत. एवढा पैसा ओतूनही रेंजर्स लागोपाठ सात हंगाम बाद फेरीत पोहोचले नाहीत, हेही नमूद करायला हवं. पैशानं विजेतेपद मिळतंच असं नाही. पण पैसा नसला तर घडवलेला खेळाडू टिकवता येत नाही, हे लहान शहरांचं दुखणं खरं होतं.

मालकांनी टाळेबंदी केली. १६ फेब्रुवारी २००५ रोजी आयुक्त गॅरी बेटमन यांनी अख्खा हंगाम रद्द झाल्याचं जाहीर केलं. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक लीगचा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात बुडण्याची ही पहिलीच वेळ. विजेतेपदाचा स्टॅन्ली कप त्या वर्षी कोणालाच मिळाला नाही. याआधी असं घडलं होतं ते १९१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत. अखेर खेळाडूंची संघटना नमली. चालू करारांतल्या पगारांवर सरसकट २४ टक्के कात्री लागली आणि २००५-०६ साठी प्रत्येक संघाला ३ कोटी ९० लाख डॉलरची कमाल मर्यादा आली. खालूनही एक मर्यादा घातली गेली, तेवढा खर्च प्रत्येकानं केलाच पाहिजे. लीगच्या एकूण उत्पन्नातला खेळाडूंचा वाटा ठरवून दिला गेला; तो आधी ५४ टक्क्यांपासून वर जाणारा होता, २०१२-१३ च्या टाळेबंदीनंतर बरोबर निम्मा झाला. हा वाटा ओलांडला जाऊ नये म्हणून प्रत्येक खेळाडूच्या पगारातला काही भाग आधीच कापून ठेवतात आणि हंगामाअखेरी हिशेब करून मालकांकडे किंवा खेळाडूंकडे वळता करतात. करारावर लिहिलेला आकडा आणि हातात पडणारा आकडा यांत म्हणूनच नेहमी फरक असतो, आणि चाहत्यांच्या चर्चेत तो बहुधा विसरला जातो.

मला ही व्यवस्था न्याय्य वाटते. मर्यादा आल्यावरच्या पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत कॅरोलायना आणि एडमंटन भिडले. दोन्ही शहरं न्यू यॉर्क किंवा टोरंटोच्या पासंगालाही न पुरणारी. २०११ मध्ये विनिपेगला पुन्हा संघ मिळाला. नॅशविल टिकलं. मात्र मर्यादेनं सगळं समान केलं असं म्हणता येणार नाही. फ्लोरिडा, टेक्सस, नेव्हाडा, टेनेसी या राज्यांत राज्याचा आयकर नाही. एकाच रकमेचा करार तिथल्या खेळाडूच्या हातात टोरंटो किंवा मॉन्ट्रियालपेक्षा कितीतरी जास्त ठेवतो. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत कप पाच वेळा टॅम्पा, फ्लोरिडा आणि व्हेगासनं नेला. कॅनडातल्या संघानं कप जिंकला तो १९९३ मध्ये, मॉन्ट्रियालनं. २०२५ पर्यंत पुन्हा कोणालाही जमलेलं नाही. याचं सगळं खापर करांवर फोडणं सोपं आहे, पण अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी व्यवस्थापकांच्या निर्णयांकडे पाहावं लागतं.

जनरल मॅनेजरच्या खुर्चीत बसलेल्या माणसासमोर मर्यादा आल्यावर एकच वाट उरली. आज जास्त पैसे देता येत नाहीत, मग उद्याचे पैसे आज वापरायचे. गेल्या वीस वर्षांत मर्यादेच्या नावानं झालेली जवळजवळ प्रत्येक युक्ती काळाशी केलेला सौदा आहे. मला या विषयात गुंतवून ठेवलं ते याच गोष्टीनं.

वेबरचा करार पुन्हा उघडू. २०१२ च्या उन्हाळ्यात तो नॅशविलचा खेळाडू होता, पण बाहेरच्या संघाला त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवता येत होता. फिलाडेल्फियानं ठेवला: चौदा वर्षं, ११ कोटी डॉलर. नॅशविलनं तेवढंच द्यायची तयारी दाखवली तर तो राहणार, नाहीतर जाणार. आणि रक्कम अशी मांडली होती की पहिली चार वर्षं दर वर्षी १ कोटी ४० लाख, शेवटची तीन वर्षं दर वर्षी फक्त १० लाख. त्यातही सुरुवातीच्या पैशाचा मोठा भाग बोनस म्हणून एकरकमी. लहान शहराच्या मालकाला एवढी रोकड लगेच उभी करता येणार नाही, हा फिलाडेल्फियाचा होरा होता. नॅशविलनं ती उभी केली. मोठ्या शहराच्या तिजोरीपुढे लहान शहरानं हार न मानल्याचे असे प्रसंग या खेळात फार नाहीत, आणि मला तो मनापासून आवडतो.

पण शेवटची ती स्वस्त वर्षं कशासाठी होती? मर्यादेत खेळाडूचा भार मोजतात तो कराराच्या सरासरीनं. ११ कोटींना चौदानं भागलं की वर्षाला साधारण ७८ लाख ५७ हजार. खेळाडू चाळिशीपर्यंत खेळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी शेपटीला नाममात्र पगाराची वर्षं जोडली की सरासरी खाली येते. इल्या कोवालचुकच्या बाबतीत न्यू जर्सीनं २०१० मध्ये हे इतकं ताणलं की लीगनं करारच फेटाळला. सतरा वर्षं, १० कोटी २० लाख डॉलर. शेवटची पाच वर्षं वर्षाला साडेपाच लाख, खेळाडूचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे. लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी लीगची बाजू उचलून धरली. पंधरा वर्षांचा सुधारित करार मान्य झाला, न्यू जर्सीला दंड आणि निवडी गमावण्याची शिक्षा झाली, आणि तीनच वर्षांत कोवालचुक एनएचएलमधून निवृत्ती घेऊन रशियाला परतला.

२०१३ च्या समझोत्यानं अशा करारांवर मागाहून वसुलीचा नियम आणला. खेळाडू मुदतीआधी निवृत्त झाला तर सरासरीच्या खेळात संघानं जेवढी जागा वाचवली, तेवढी संघाच्या खात्यातून वसूल. रोबर्टो लुआँगो २०१९ मध्ये निवृत्त झाला तेव्हा व्हँकूव्हरच्या मर्यादेतून पुढची तीन वर्षं दर वर्षी ३० लाखांहून जास्त कापले गेले, आणि तोवर त्याला व्हँकूव्हर सोडून पाच वर्षं झाली होती. वेबरनं निवृत्तीच्या कागदावर सही का केली नाही, ते यावरून कळतं. त्यानं सही केली असती तर भुर्दंड पडला असता नॅशविलला, ज्या संघानं त्याला २०१६ मध्येच मॉन्ट्रियालला देऊन पी. के. सुबान घेतला होता. म्हणून हॉल ऑफ फेममध्ये पोहोचूनही तो कागदावर जखमी खेळाडूच राहिला.

जागा उसनी घेण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे बायआउट. करार मोडायचा, उरलेल्या पगाराच्या दोन तृतीयांश रक्कम उरलेल्या मुदतीच्या दुप्पट काळात द्यायची. मिनेसोटानं ४ जुलै २०१२ रोजी झॅक पॅरिसी आणि रायन सूटर यांना एकाच दिवशी, प्रत्येकी तेरा वर्षं आणि ९ कोटी ८० लाख डॉलरवर घेतलं. गाव नाचलं. २०२१ च्या उन्हाळ्यात संघानं दोघांचेही करार मोडले. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन हंगामांत मिनेसोटाच्या मर्यादेतले १ कोटी ४७ लाख डॉलर त्या दोन गैरहजर माणसांच्या नावानं अडकून पडले. २०२३-२४ ची मर्यादा ८ कोटी ३५ लाखांची होती. म्हणजे इतर सगळे संघ भरल्या ताटावर बसलेले असताना मिनेसोटा सहावा हिस्सा आधीच वाढून दिलेल्या ताटावर बसला होता. तरीही तो संघ २०२५ मध्ये बाद फेरीत पोहोचला. त्या काळात कमी पैशांत संघ चालवणाऱ्या माणसांचं कौशल्य कपाच्या यादीत कुठेच नोंदलं जात नाही.

टोरंटोची गोष्ट याहून क्लेशदायक, कारण तिथं गणित चुकलं नव्हतं. ऑस्टन मॅथ्यूज, मिच मार्नर, जॉन टव्हारेस आणि विल्यम नायलँडर या चौघांना संघानं २०१९ पर्यंत मोठे करार दिले. २०१९-२० मध्ये त्या चौघांचा भार मर्यादेच्या निम्म्याच्या जवळ होता. हिशेब असा होता की मर्यादा दरवर्षी वाढत राहील आणि चौघांचा वाटा आपोआप लहान होत जाईल. २००५ पासूनचा इतिहास त्या हिशेबाच्या बाजूनं होता. मग करोना आला, स्टेडियम रिकामी झाली, आणि मर्यादा ८ कोटी १५ लाखांवर तीन हंगाम गोठली. चौघांच्या भोवती ज्या मधल्या फळीची माणसं हवी होती, ती घ्यायला जागा उरली नाही. २०१९-२० पासून २०२५ पर्यंत टोरंटोनं बाद फेरीतल्या फक्त दोन मालिका जिंकल्या, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात मार्नर व्हेगासला गेला. टोरंटो परिसरात मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, तिथं वाढणारी मुलं या संघाच्या निळ्या जर्सीत शाळेत जातात. त्यांच्या आईवडिलांना मुलं दर वसंतात का रडतात हे समजावं, अशीही माझी एक इच्छा आहे.

गोठलेल्या मर्यादेचा सर्वांत मोठा फटका मात्र चौघांना बसला नाही. ताऱ्यांचे करार आधीच झालेले होते. नवशिक्यांचे पगार नियमानंच बांधलेले असतात. चेपला गेला तो मधला: वयाची तिशी गाठलेला, तिसऱ्या ओळीत खेळणारा, ज्याला पूर्वी तीन-चार वर्षांचा करार मिळाला असता असा खेळाडू. त्याच्यापुढे आता एका वर्षाचा, किमान पगाराचा कागद येऊ लागला. मर्यादेबद्दल लिहिणारे बहुतेकजण मोठ्या आकड्यांवर रमतात. मला या मधल्या माणसाची काळजी वाटते, आणि पुस्तकाची दोन प्रकरणं त्याच्यासाठी राखून ठेवली आहेत.

मर्यादा हंगामाच्या एकूण बेरजेवर नाही, रोजच्या रोज मोजली जाते, हे कळलं की बरीच कोडी सुटतात. समजा हंगाम १९० दिवसांचा आहे आणि संघानं वर्षाच्या हिशेबात १० लाख डॉलर जागा मोकळी ठेवली. दीडशे दिवस तशीच राखली तर उरलेल्या चाळीस दिवसांसाठी वर्षाला साडेसत्तेचाळीस लाख घेणारा खेळाडू त्याच जागेत बसतो. म्हणून मार्चमधल्या ट्रेडच्या अंतिम मुदतीला एवढी गर्दी होते, आणि म्हणून शरद ऋतूत काटकसर करणारा व्यवस्थापक वसंतात श्रीमंत दिसतो. पण या रोजच्या मोजणीनं एक क्रूर प्रथाही आणली. सामना नसलेल्या दिवशी तरुण खेळाडूला कागदोपत्री दुय्यम लीगमध्ये पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं. पोरगा कुठेच जात नाही, त्याच हॉटेलात झोपतो. पण त्या दिवसाचा त्याचा पगार मोठ्या लीगचा राहत नाही. संघाची काही हजार डॉलर जागा वाचते, ती बावीस वर्षांच्या मुलाच्या खिशातून. २०२५ च्या समझोत्यात या कागदी फेऱ्यांना आळा घालण्यात आला, आणि माझ्या मते त्या समझोत्यातलं ते सर्वांत चांगलं काम आहे.

जखमींच्या यादीची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. खेळाडू दीर्घकाळ बाहेर असेल तर संघाला त्याच्या पगाराइतकी मर्यादा ओलांडता येत असे. बाद फेरीत पगारच नसतात, त्यामुळे तिथं मर्यादाही लागू नव्हती. टॅम्पाच्या निकिता कुचेरोवनं डिसेंबर २०२० मध्ये कमरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया करून घेतली, साखळीचा संपूर्ण हंगाम तो बाहेर बसला, आणि बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात उतरला. तेवीस सामन्यांत त्याचे ३२ गुण झाले, त्या बाद फेरीत सर्वाधिक. मोकळ्या झालेल्या जागेत टॅम्पानं आणखी माणसं बसवली होती. डेव्हिड सॅव्हार्डचा भार साडेबेचाळीस लाखांचा होता; त्यातला निम्मा कोलंबसनं आणि चौथा हिस्सा डेट्रॉईटनं उचलला, आणि टॅम्पाच्या वहीत तो साधारण साडेदहा लाखांना बसला. डेट्रॉईटला या मध्यस्थीबद्दल चौथ्या फेरीतली निवड मिळाली. कप जिंकल्यावर कुचेरोवनं मर्यादेपेक्षा १ कोटी ८० लाख जास्त असल्याचं छापलेला टीशर्ट मिरवला. लीगनं चौकशी केली होती आणि नियमभंग सापडला नव्हता. त्या अंतिम फेरीत समोरचा हरलेला संघ होता मॉन्ट्रियाल आणि त्याचा कर्णधार होता शेय वेबर. तो त्याचा शेवटचा सामना. २०२५-२६ पासून बाद फेरीतही मर्यादा आली आहे आणि पगार वाटून घेण्याच्या दोन टप्प्यांमध्ये ७५ दिवसांचं अंतर सक्तीचं झालं आहे. उशीर झाला, पण योग्य झालं.

आता माणसांकडे. येव्गेनी दादोनोव याच्या करारात दहा संघांची यादी होती, जिथं त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध पाठवता येणार नाही. २१ मार्च २०२२ रोजी, अंतिम मुदतीच्या दिवशी, व्हेगासनं त्याला ॲनाहाईमला दिलं. ॲनाहाईम त्या यादीत होतं. आधीच्या संघानं, ओटावानं, यादीची माहिती पुढे दिली नव्हती. दोन दिवसांनी लीगनं ट्रेड रद्द केली. ज्या संघानं त्याला देऊन टाकलं होतं त्याच संघाच्या खोलीत दादोनोव परतला आणि गोल करू लागला. ओटावाला २०२३ मध्ये पहिल्या फेरीतली निवड गमावण्याची शिक्षा सुनावण्यात आली. आणि २०२२ च्या जूनमध्ये व्हेगासनं दादोनोवला पुन्हा दिलं, या वेळी मॉन्ट्रियालला. बदल्यात घेतला वेबरचा करार. एक चालता-खेळता माणूस देऊन एक न खेळणारा घेतला, कारण जखमींच्या यादीतला पगार व्हेगासला जास्त उपयोगी होता.

मिको रँटनेनची कथा मी शेवटच्या प्रकरणात विस्तारानं सांगितली आहे. कोलोराडोनं त्याला २०१५ मध्ये निवडलं, २०२२ मध्ये त्यानं त्यांना कप जिंकून दिला. करार संपत आला, मागणी आणि जागा जुळेनात, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी त्याला कॅरोलायनाला दिलं गेलं. त्याचा निम्मा पगार उचलला शिकागोनं, ज्या संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. ही बातमी त्याला अनपेक्षित होती. कॅरोलायनाचे व्यवस्थापक एरिक टल्स्की हे रसायनशास्त्रातले डॉक्टरेट, आकडेशास्त्राच्या वाटेनं हॉकीत आलेले. त्यांनी दीर्घ कराराचा प्रस्ताव ठेवला, रँटनेन तयार झाला नाही. फुकट गमावण्यापेक्षा ७ मार्चला, तेरा सामन्यांनंतर, त्याला डॅलसला दिलं. डॅलसनं लगेच आठ वर्षांचा, वर्षाला १ कोटी २० लाखांचा करार केला. सहा आठवड्यांत तीन शहरं. एप्रिलमध्ये बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात डॅलससमोर कोलोराडो आलं. सातव्या सामन्यात डॅलस दोन गोलनं मागे होतं आणि शेवटच्या वीस मिनिटांत रँटनेननं तीन गोल करून जुन्या संघाला घरी पाठवलं. तिन्ही व्यवस्थापकांपैकी एकाचाही निर्णय मला मूर्खपणाचा वाटत नाही. त्या त्या दिवशी, त्या त्या वहीसमोर बसलं तर प्रत्येकाचं बरोबर दिसतं. हाच या विषयाचा अवघड भाग आहे.

हे सगळं सामान्य वाचकाला कळू शकतं याचं श्रेय लीगला नाही. करारांचे आकडे लीगनं वर्षानुवर्षं जाहीर मांडले नाहीत. हॅलिफॅक्सच्या मॅथ्यू वुएस्ट या तरुण पत्रकारानं ‘कॅपगीक’ नावाची नोंदवही २००९ मध्ये सुरू केली, आणि संघांची कार्यालयंसुद्धा ती उघडून बसू लागली. कर्करोगानं तो २०१५ मध्ये गेला. त्यानंतर ‘कॅपफ्रेंडली’ आली. ती २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या संघानं विकत घेतली आणि लोकांसाठी बंद झाली. आज ते काम इतर करत आहेत. प्रेमापोटी मांडलेल्या या हिशेबांचं ऋण या पुस्तकावर आहे.

पुस्तकाची मांडणी कालक्रमानं नाही. करार, जागा, दुखापत, ट्रेड, निवृत्ती अशा क्रमानं ते एका खेळाडूच्या आयुष्याबरोबर चालतं, आणि सोपी बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही वाचता येईल असा प्रयत्न आहे. शब्दांच्या बाबतीत मी खेळाडू आणि एजंट बोलतात तेच वापरले आहेत. ट्रेडला ट्रेडच म्हटलं आहे.

वेळही बदलाची आहे. मर्यादा २०२५-२६ मध्ये ९ कोटी ५५ लाखांवर गेली, २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाखांचा आकडा ठरला आहे. किरिल काप्रिझोवनं मिनेसोटाशी वर्षाला १ कोटी ७० लाखांचा करार केला. एका खेळाडूला मर्यादेच्या वीस टक्क्यांपर्यंत देता येतात. या हिशेबानं एडमंटनच्या कॉनर मॅक्डेव्हिडला दोन कोटींच्या जवळपास मागता आले असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यानं सही केली ती आधीच्याच १ कोटी २५ लाखांवर, आणि फक्त दोन वर्षांसाठी. शेजारी चांगली माणसं बसवायला संघाला जागा मिळावी म्हणून जगातल्या सर्वोत्तम खेळाडूनं आपला भाव रोखून धरला. त्याला कप मिळेल की नाही ते पुढची दोन-तीन वर्षं सांगतील.

एडमंटननं याआधीही एकदा जगातला सर्वोत्तम खेळाडू सांभाळला होता, आणि तेव्हा मर्यादा नव्हती, रोख पैसा चालत होता. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू केलं आहे: ९ ऑगस्ट १९८८, वेन ग्रेट्स्की लॉस एंजेलिसला, बदल्यात दोन तरुण खेळाडू, पहिल्या फेरीतल्या तीन निवडी आणि मालक पीटर पॉकलिंग्टन यांच्या हातात दीड कोटी डॉलर, आणि ओटावाच्या संसदेतले खासदार नेल्सन रीस यांची मागणी, की सरकारनं मध्ये पडून ही विक्री थांबवावी.